सुट्या भागांचा सांधा

ऑपरेशन थिएटरचं दार किलकिलं झालं. आतून कुणीतरी बाहेर कृत्रिम सांध्यांच्या पेट्या घेऊन बसलेल्या इम्प्लांटवाल्याला विचारलं, "एक नंबर मोठा गोळा आहे ना?"

मी ताडकन उठले. आत आईचा खुबा उघडा, आणि हे आत्ता माप बघतायत?

"घाबरू नका ताई," पेटी आत देत तो म्हणाला. "दांडा, गोळा, वाटी, सगळं सुटं असतं. दोन्ही पाय सारख्या लांबीचे येईपर्यंत बसवून बघतात."

दार बंद झालं. आईने जन्मभर ब्लाउज शिवले. पक्की शिलाई मारण्याआधी ती कच्चे टाके घालून ब्लाउज अंगावर चढवायला लावायची. गिऱ्हाइकाने घाई केली की चिडायची. पण ब्लाउज उसवता येतो. हाडाचं काय? दारावरच्या लाल दिव्याकडे बघत मी मनात घोकत राहिले, घाई करू नका, पुन्हा एकदा बसवून बघा.

दोन महिन्यांनी मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. मागे पावलं वाजली, एकसारखी. आईचा तर एक पाय वर्षानुवर्षं फरफटत यायचा.

"बसा काकू, आलेच," शेजारच्या काकू आल्या असं समजून मी म्हटलं.

"अगं, मी आहे," आई म्हणाली.