नोरीन टब निवडते

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या बंदरावर नोरीन ब्लँचर्डने सदतीस वर्षं बर्फातले मासे कापले. मीही तिथेच होते, म्हणून सांगते: बोटं वाकडी होतात, गुडघे कामातून जातात आणि निरोपाला कंपनी भिंतीवरचं घड्याळ देते! नोरीनला आता एकच हवं होतं. परसात मावेल असा, हवा भरून उभा करायचा गरम पाण्याचा टब, ज्यात कुणाचा हात न धरता उतरता येईल.

दुकानात तिचा मुलगा क्रेग आणि मी सोबत गेलो. विकणारा पोरगा सगळं क्रेगलाच सांगत होता, नोरीन जणू तिथे नव्हतीच. सहा माणसांचा टब, रंगीत दिवे, बिअरचे ग्लास ठेवायला खाचा.

"लहान घेतलेले सगळे पस्तावतात, साहेब."

"हाच घेऊ या, आई. पोरं येतील, माझे मित्र येतील," क्रेग हरखला.

"पोरं नाताळला येतात, तीही दोन तास," मी म्हणाले. क्रेगने डोळे वटारले. वटार बाबा, मला काय!

नोरीनने बूट काढून पाय उचलून पाहिला. काठ तिच्या कमरेला लागत होता. गुडघा अर्ध्यातच अडला.

"पायऱ्या मिळतात, मावशी. त्यांचे वेगळे पैसे," पोरगा हसला.

माझं डोकंच फिरलं. टब जिच्यासाठी घ्यायचा, तिचे गुडघे म्हणजे वरचा खर्च!

नोरीन मात्र कोपऱ्यातल्या बुटक्या, राखाडी टबाकडे गेली. काठावर टेकली, एक पाय फिरवला, मग दुसरा, आणि कोरड्या टबात ऐसपैस बसली.

"मावशी, बाहेर या. तो नुसता दाखवायला मांडलेला आहे."

"हाच हवाय. पैसे माझे आहेत, माझ्याशी बोल."

"अगं आई, त्यात दुसरं कोण मावणार?"

"कुणी नाही," नोरीन म्हणाली. "बंदरावर आम्हा आठ जणींना बोटं शेकायला एकच बादली गरम पाणी मिळायचं. रांगेत मी शेवटची. माझ्यापर्यंत येईस्तोवर ते गार झालेलं असायचं. आता पहिलं पाणी माझं."

तिच्या आधी त्या बादलीत हात बुडवणारी सातवी मी होते. इतक्या वर्षांत एकदाही तिला म्हटलं नाही, ये, आज तू माझ्या जागी उभी राहा.