बिनकार्बनचा अर्ज

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, एका लाकडी टेबलावर दोन टाइपरायटर मांडून वसंता गजभिये चाळीस वर्षं बसला. एक मशीन हिंदीची, एक इंग्रजीची. जमिनीचं नामांतरण असो, बंदुकीचा परवाना असो की मास्तरची बदली रद्द करायची असो, माणूस आधी वसंतापाशी यायचा आणि मग साहेबापाशी. वयाची बासष्टी उलटली तरी अख्खं गाव त्याला वसंता टायपिस्टच म्हणायचं, आणि त्यालाही ते आवडायचं. टाइप करताना त्यानं कधी बटणांकडे पाहिलं नाही. पाहून टाइप करणाऱ्याला तो टायपिस्टच मानत नसे.

अशा माणसापुढे २००८ सालच्या जूनमध्ये त्याच्या मुलीनं, नागपूरला नोकरी करणाऱ्या दीपिकानं, एक कोरा लॅपटॉप आणून ठेवला.

वसंतानं तो उचलून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि पहिला प्रश्न विचारला, "कागद कुठून घालाचा?"

"यात कागद नाई लागत, बाबा."

"अन् कार्बन?"

दीपिकानं कपाळाला हात लावला. मग पिशवीतून अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह काढून सांगितलं, की जे टाइप कराल त्याची एक कापी यात ठेवत जा, मशीन बिघडली तरी कागद वाचतो. "हौ, म्हणजे हाच कार्बन," वसंता म्हणाला. त्या दिवशी त्याला पहिल्या झटक्यात समजलेली ही एकमेव गोष्ट.

बाकी सगळ्यात त्यानं मुलीला घाम फोडला. प्लगचे तीन पाय भिंतीच्या दोन भोकांत बसेनात, तेव्हा तो तारा सोलून काड्यापेटीच्या काड्या शोधू लागला. दीपिकानं तारा त्याच्या हातून हिसकावल्या आणि वायरमनला बोलावून अर्थिंगचा नवा बोर्ड बसवून घेतला. दुपारी ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्यानं मशीनच्या तेलाची कुपी काढली. नव्या मशीनला पहिल्या दिवशी तेल द्यायचंच, हा त्याचा चाळीस वर्षांचा नियम होता. ती ओल्या केसांनी धावत आली म्हणून लॅपटॉप वाचला. संध्याकाळी काम संपल्यावर त्यानं चालू लॅपटॉप मिटला आणि टाइपरायटरच्या रेग्झिनच्या खोळीत कोंबून वरून नाडी बांधली. तासाभरानं खोळ काढली तर आत तवा तापलेला.

"आधी बंद कराचं, मंग मिटाचं, अन् गरम असताना झाकाचं नाई," दीपिकानं बजावलं.

"सांगाचं ना मंग तसं," वसंता म्हणाला, जणू चूक लॅपटॉपचीच होती.

पण सगळ्यात भारी होता त्याचा डावा हात. टाइपरायटरवर ओळ संपली की टिंग वाजते आणि डाव्या हातानं दांडा ढकलून नवी ओळ धरावी लागते. लॅपटॉपवर ना टिंग ना दांडा. पण ओळीचा शेवट आला की वसंताचा डावा हात आपोआप वर जायचा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यावर फाडकन बसायचा. दर ओळीला एक. दीपिका म्हणाली, अशानं महिनाभरात मान मोडेल. वसंता म्हणाला, कोणाची?

नागपूरला परतण्याआधी तिनं त्याच्या सवयीचीच हिंदी बटणं लॅपटॉपवर बसवून दिली, म्हणजे बोटांना नवीन शिकायला नको. शेवटी पासवर्ड समजावला. तो आपला आपण ठरवायचा, अक्षरं आणि आकडे दोन्ही घालायचे, कुठं लिहून ठेवायचा नाही, कोणाला सांगायचा नाही. वसंतानं हे एवढ्या गांभीर्यानं ऐकलं, की दीपिकाला जरा शंकाच आली. शंका खरी होती. त्याला घरातच एक गोष्ट लपवायची होती.

गोष्ट अशी. त्याची बायको शीला तीस वर्षं जिल्ह्यातल्याच खैरलांजीच्या दवाखान्यात नर्स होती. एकतीस जुलैला ती रिटायर होणार होती आणि दवाखान्यात निरोपाचा कार्यक्रम ठरला होता. नवऱ्यानं दोन शब्द बोलावेत, असा निरोप आला. वसंता "हौ" म्हणून बसला. तेव्हा शीला भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुमी काय बोलसान? साऱ्या जिल्ह्याचं टाइप केलं तुमी. मी जबलपूरले ट्रेनिंगले गेलती सहा महिने, तं मले एक चिठ्ठी नाई आली तुमची."

ती हसत म्हणाली होती. पण वसंताला ते लागलं, कारण ते खरं होतं. त्यानं मनाशी ठरवलं, की यावेळी लिहायचं, स्वतः लिहायचं, आणि सगळ्यांसमोर वाचायचं. आता नाही जमलं तर ही बाई आपल्याबद्दल तेच मनात धरून राहील, आणि तिचं काही चुकणारही नाही.

मग महिनाभर तो रोज लॅपटॉपपुढे बसला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं गाऱ्हाणं ज्याच्या बोटांतून झरझर उतरलं, त्याला स्वतःची एक ओळ सुचेना. "आदरणीय मंच" लिहायचा आणि खोडायचा. "माझी पत्नी एक थोर" इथपर्यंत यायचा आणि लाजून उठायचा. शीला मागून जाताना विचारायची, "काय टाइप करून राह्यले?"

"अर्ज."

"कोणाचा?"

"आहे एक पक्षकार," वसंता म्हणायचा आणि स्क्रीन झाकायचा.

बोलता बोलता निघालेल्या या शब्दानंच त्याची वाट मोकळी झाली. आपल्याला अर्ज लिहिता येतो ना, मग अर्जच लिहू. चार दिवसांत मजकूर पुरा झाला. आणि ज्यानं आयुष्यात एक कागद कार्बनशिवाय टाइप केला नव्हता, त्यानं याची कापी मात्र कुठंच ठेवली नाही. पेन ड्राइव्ह शीलाच्या हाती लागला तर? कापी ठेवली की बातमी फुटते, एवढं कचेरीनं त्याला शिकवलं होतं.

एकतीस जुलैला शीला नेहमीसारखी सहा पस्तीसच्या बसनं पुढे गेली. वसंता आणि आदल्या दिवशी आलेली दीपिका साडेनऊच्या बसनं जाणार होते. आठ वाजता वसंता दाढीला निघाला. जाताना म्हणाला, "त्यातला कागद काढून छापून आण बसस्टँडजवळून. वाचू नोको."

"पासवर्ड सांगा ना बाबा."

वसंता दारात घुटमळला. मग चपलेकडे बघत म्हणाला, "शीला. इंग्रजीत. अन् पुढं एकोणीसशे एकाहत्तर."

ते त्यांच्या लग्नाचं साल. दीपिका एवढी हसली, की वसंता चपला अडकवून बाहेर पडला.

परत आला तेव्हा गाल गुळगुळीत आणि घरात लाइट गेलेली. दीपिकाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "बाबा, नाई उघडून राह्यला. दहा वेळा टाकला."

"स्पेलिंग चुकली असन तुही."

"एस एच डबल ई एल ए. एक नऊ सात एक. पाहा तुमीच."

वसंता बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बटणांकडे डोळे घालून, एक एक शोधून, एका बोटानं दाबलं. शीला. वरच्या रांगेतला एक. नऊ. सात. परत एक. लॅपटॉप म्हणाला, चूक. पुन्हा. चूक. पावणेनऊ झाले. बॅटरी उतरू लागली होती.

"तुमी बदलला होता काय? आठवा."

"नाई बदलला वं! रोज हाच टाकतो मी. कालच उघडला."

नऊ वाजले. त्याला दिसू लागलं, की शीला पहिल्या रांगेत बसली आहे, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि आपण उभं राहून म्हणतोय, आदरणीय मंच. जबलपूरची चिठ्ठीसुद्धा तो अशीच आज लिहू, उद्या लिहू म्हणत राहिला होता. खरंच लिहिणार होता. ते आठवून त्याला स्वतःचाच फार राग आला.

दीपिका त्याच्या हाताकडे बघत होती. बाप असा एका बोटानं टाइप करताना तिनं कधी पाहिला नव्हता. "बाबा, काहून पाहून राह्यले खाली? रोज पाहता काय?"

"छट्!"

"मंग पाहू नका. कचेरीत टाइप करता तसं करा."

वसंतानं पाठ ताठ केली, समोर भिंतीवरल्या कॅलेंडरकडे नजर लावली आणि बोटं सोडली. खटाखट, खटाखट. लॅपटॉप उघडला. डावा हात सवयीनं वर गेला, तो दीपिकानं वरच्या वर धरला.

"थांबा. एक कुठून दाबला तुमी? तुमचं बोट वर गेलंच नाई."

वसंतानं आपल्याच बोटाकडे नवलानं पाहिलं. उजव्या हाताची अनामिका इंग्रजी एलवर टेकलेली होती. मग त्याला आठवलं. त्याच्या जुन्या इंग्रजी मशीनवर एकचं बटणच नव्हतं. शिकवणाऱ्या मास्तरनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, लहान एल हाच तुझा एक. चाळीस वर्षं बालाघाटच्या साऱ्या तारखा, जमिनींचे सारे खसरे नंबर त्यानं एलनंच लिहिले होते. डोक्यात एक होता, बोटांत एल होता, आणि दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

"म्हणजे तुमचं लग्न एल नऊ सात एलमध्ये झालं," दीपिका म्हणाली.

"चाल, बस जाईन!" वसंता ओरडला.

बसस्टँडजवळच्या दुकानात जनरेटर चालू होता. कागद निघाला, बस मिळाली. खैरलांजीला दवाखान्याच्या अंगणात ताडपत्रीखाली लोक बसले होते. धानाच्या रोवणीचे दिवस असूनही बाया चिखलाच्या पायांनी आल्या होत्या. त्यांची अर्धी पोरं शीलाच्या हातची. वसंताचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि कचेरीच्या आवाजात वाचू लागला.

"प्रति, श्रीमती शीला गजभिये, नर्स, खैरलांजी. अर्जदार, वसंता गजभिये, टायपिस्ट, बालाघाट. विषय, घरी रुजू होण्याबाबत."

"वसंताजी, भाषण दीजिए, अर्जी नहीं," सरपंच हसत म्हणाले. लोक हसले. शीलानं पदरानं तोंड झाकलं. वसंता थांबला नाही.

"महोदया, सविनय निवेदन आहे की, आपण तीस वर्षे सकाळी सहा पस्तीसच्या बसने नोकरीवर गेलात. या काळात अर्जदार आपल्याला बसपर्यंत सोडायला एकदाही आला नाही. पावसातही नाही. अर्जदार त्यावेळी झोपलेला असे आणि उठल्यावर थर्मासमधला चहा पीत असे. तो चहा करायला आपण किती वाजता उठत होता, हे अर्जदाराने कधी विचारले नाही. अर्जदाराने जन्मभर लोकांच्या तक्रारी टाइप केल्या. आपण एकही तक्रार दिली नाही, त्यामुळे आपली काही तक्रार नाही असा अर्जदाराचा समज झाला. तो समज चुकीचा होता. तरी उद्यापासून सकाळचा चहा अर्जदार करेल. आपण उशिरा उठावे, ही नम्र विनंती. साक्षीदार, दीपिका. सोबत जोडलेली कागदपत्रे, काही नाहीत."

अंगणात कोणी हसत नव्हतं. वसंताला वाटलं, आपण फार बोललो. कागद कुणाला द्यावा हे न कळून त्यानं तो शीलापुढे धरला, जसा साहेबापुढे धरतात. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"कापी कुठं हाय याची?" तिनं विचारलं.

"नाई. एकच हाय."

"तुमी अन् बिनकार्बनचं?" तिनं कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मग हळूच म्हणाली, "लय उशिरा आला अर्ज. तुमच्या कोर्टात उशीर झाला तं काय करतात?"

"उशीर माफ कराचा वेगळा अर्ज द्या लागते."

"मंग तो बी टाइप करा. घरी गेल्यावर."

दुसऱ्या दिवशी सहा पस्तीसची बस शीलाला न घेता गेली. वसंतानं चहा केला, त्यात साखर दुप्पट पडली आणि दूध उतू गेलं ते वेगळंच. शीलानं तो बिनतक्रार प्यायला, आणि मग कालचा अर्ज आठवून म्हणाली, "गोड झाला." वसंतानं ती तक्रार मान खाली घालून ऐकून घेतली. पासवर्ड आता घरात सगळ्यांना माहीत होता, लपवायचं काही उरलं नव्हतं. त्यानं लॅपटॉप उघडला आणि विषय लिहिला, विलंब माफ होण्याबाबत. शीला खुर्ची ओढून शेजारी बसली. पहिली ओळ संपली आणि त्याचा डावा हात वर गेला. तिनं स्क्रीन मागून हातानं धरून ठेवली आणि म्हणाली, "मारा. मी धरलं हाय."