रुंद टायर आणि तात्यांच्या चपला

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. जेवताना माझा गुडघा हलत असतो, आणि देवळात आरती निम्म्यावर आली की मी बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिलेली असते. स्टिअरिंग हातात आलं की मात्र ही सगळी चुळबुळ कुठल्या कुठे जाते. वडिलांना हे पटवायला मला जन्म पुरला नसता. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो.

आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादकडचं, फुलं पिकवणारं. झेंडू, शेवंती, पुढं नव्वदच्या दशकात गुलाबाची शेड. माल पहाटे गणेशवाडीच्या फुलबाजारात पोचवावा लागायचा. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पहाट कधी झेपली नाही, म्हणून टेम्पो माझ्याकडे आला. बाजारातले लोक आधी बघत राहायचे, मग त्यांना सवय झाली. तात्यांना काही झाली नाही.

तात्यांचं एक होतं. बैलगाडीत बसले की ते चपला काढून बाजूला ठेवायचे आणि मांडी घालायचे. एसटीत, दादाच्या जीपमध्ये, माझ्या टेम्पोत मात्र चपला पायातच. शिवाय उजवा पाय खाली असा दाबून धरायचा, की जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे. मी एकदा विचारलं, ‘‘तात्या, आरामात बसा ना, चपला काढा.’’ तर म्हणाले, ‘‘यंत्र कवा दगा देईल सांगता येत नाय. उडी मारायची पाळी आली तर अनवाणी काट्यात मारू का?’’

झालं! म्हणजे मी चालवत असताना हा माणूस सगळा रस्ता उडी मारायच्या तयारीत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी वर्षानुवर्षं फुलाची पाकळी न दुखवता टेम्पो हाकला, तरी त्या चपला काही पायातून निघाल्या नाहीत.

त्याच सुमारास आमचा ट्रॅक्टर काळ्या रानात सारखा रुतायचा. शेवटी तात्यांनी मागचे टायर बदलून चांगले पसरट बसवून घेतले, आणि ट्रॅक्टर चिखलावरून असा गेला की शेजारचे बांधावर येऊन बघत राहिले. तेव्हापासून आमच्या घरात हा धर्मच होऊन बसला. पसरट टायर रुतत नाही, म्हणून टायर घ्यावा तर पसरट. टेम्पोला, ट्रेलरला, सगळ्याला तेच.

मग दोन हजार साल उलटल्यावर ती गाडी आली. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका बागाईतदाराचा मुलगा परदेशी निघाला होता. त्याची दोन माणसांची, हळदीच्या रंगाची स्पोर्ट्स कार त्यांच्या शेडमध्ये धूळ खात होती. टपावर कोंबड्या बसायच्या. टेम्पोच्या फेऱ्यांतून जमलेलं माझं सगळं किडूकमिडूक त्या गाडीत गेलं, आणि मला एका क्षणाचंही वाईट वाटलं नाही. दादा गाडीभोवती फिरून म्हणाला, ‘‘ही बसायची आहे का पायात घालायची?’’ तात्यांनी डिकी उघडून पाहिली आणि विचारलं, ‘‘ह्यात झेंडूचे किती क्रेट मावतील?’’ मी म्हटलं, एकही नाही. ‘‘मग?’’ म्हणाले. मी डिकी लावून टाकली.

टायर पार तडकलेले होते, म्हणून नाशिकच्या द्वारका चौकात ट्रकवाल्यांच्या दुकानांच्या रांगेत एका टायरवाल्याकडे गेलो. तात्या स्वतःहून बरोबर आले. दुकानदारानं टायर समोर मांडले. ‘‘ताई, हा एकशेपंच्याऐंशी, हा दोनशेपाच, हा दोनशेपंचवीस. ही मिलिमीटरमधली रुंदी.’’ तात्यांना मिलिमीटरशी काय देणंघेणं? त्यांनी खाली बसून एकेका टायरवर आडवी वीत टाकली. पहिल्या दोन्हींवर बोटं बाहेर आली. दोनशेपंचवीसवर वीत बरोबर मावली. ‘‘हाच द्या,’’ म्हणाले. ‘‘वीतभर तरी पायजेच.’’

आणि मी? मी तर आनंदानं मान डोलावली. मागून काय दिसायची गाडी त्या टायरवर, अहाहा! रिमच्या मानानं टायर गाल फुगवून बसल्यासारखा दिसत होता, पण ते कोणाला बघायचंय? ओझरकडच्या सरळ कोरड्या रस्त्यावर ती अशी धरून पळायची की मला घरी परतावंसंच वाटायचं नाही. खटकायचं ते एवढंच की ट्रकांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी आपोआप ओढली जायची, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मी म्हणायची, चालायचंच, जनावर तेजीचं आहे.

त्या पावसाळ्यात इगतपुरीला आत्या आजारी पडली. तात्यांना घेऊन मी निघाले. वाडीवऱ्हे मागं पडलं आणि पाऊस असा कोसळायला लागला की वायपर नुसतेच हात हलवत होते. घोटीच्या अलीकडं रस्त्याच्या खोलगट भागात पाणी साचलेलं होतं. मी फार वेगात नव्हते, हे आजही छातीठोकपणे सांगते. चाकं पाण्यात शिरली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काही नसल्यासारखं. मी वळवते आहे आणि गाडी भलतीकडेच चालली आहे! ती स्वतःभोवती गरकन फिरली आणि तोंड नाशिककडे करून कडेला थांबली. कोणाला खरचटलंही नाही. मी इंजिन बंद केलं.

तात्या दार उघडून उतरले. चपला अर्थातच पायात होत्या. पावसात उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते, मोकळी झाले असते. ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘तुला एका जागी बसवत नाय. तुझी गाडी तरी कशी सरळ जाईल?’’ आणि चालत घोटीला गेले, तिथून एसटीनं आत्याकडे.

घरी आल्यावर त्यांनी निकाल सांगितला. ‘‘दसऱ्याला ही गाडी दारात दिसली नाय पायजे. गिऱ्हाईक मी बघतो.’’

गाडी जाणार ह्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू? पण ते वाक्य जास्त लागलं होतं. उभ्या आयुष्यात मी जिथं शांत बसते अशी एकच जागा होती, आणि तिथंच त्यांना माझी चुळबुळ दिसली होती. आता गाडी गेली असती तर ते वाक्य कायमचं खरं ठरलं असतं. मला जेवण जाईना. मी टेम्पो धुवायची, धुतलेला परत धुवायची. आई म्हणाली, ‘‘अगं, रंग निघेल त्याचा.’’

अशाच एका दुपारी शेडमध्ये गुलाबाच्या दांड्या ठेवायच्या हौदापाशी बसले होते. डोकं भणभणत होतं. चिडून पाण्यावर सपकन हात मारला. तळहाताला असं झोंबलं की हाय म्हटलं, आणि हात पाण्याच्या वरच राहिला. रागानं पुन्हा मारला, तो ह्या खेपेला आडवा नाही, करंगळीच्या कडेनं. हात सरळ तळाला जाऊन फरशीवर आपटला.

मी पुन्हा तळहात मारला. पुन्हा कड मारली. अरे देवा! आमच्या घरचा धर्म खोटा नव्हताच. पसरट टायर रुतत नाही हे शंभर टक्के खरं, आणि तोच तर घोळ होता. चिखलात ट्रॅक्टरला वर राहायचं असतं. डांबरावरच्या पाण्यात गाडीला वर राहून कसं चालेल? तिला पाणी कापून खाली डांबर गाठायचं असतं. त्यात गाडी वजनानं चिमणी, आणि पायात तिच्या हत्तीचे बूट. एवढ्या हलक्या अंगानं तेवढी रुंदी खाली दाबली जाणार कशी?

मी धावत द्वारकेला. दुकानदार भला माणूस, उतरवून ठेवलेले जुने पण बरे टायर त्यानं वापरून बघायला दिले. मी म्हणजे काय, एकदा डोकं फिरलं की दुसऱ्या टोकाला जाणार. सगळ्यात अरुंद होते ते एकशेपासष्ट घातले. पाण्यात गाडी सुरीसारखी गेली. मी खूश! पण त्र्यंबक रस्त्याच्या कोरड्या वळणावर टायर किंचाळायला लागले. टायरची बाजू आत दुमडायची, गाडी अंग टाकायची, आणि मी एकीकडे वळवलं की ती थोडा विचार करून मग वळायची. तेही नको. दोनशेपाच घातले, पाण्यात पुन्हा ती पोकळ भावना, आधीपेक्षा कमी, पण होतीच. शेवटी एकशेपंच्याऐंशी. पहिल्याच वळणावर माझ्या हातांना कळलं. रस्ता स्टिअरिंगमधून बोलत होता. गाडी घसरायचीच नाही असं नाही, पण आधी सांगून, सावकाश घसरायची, आणि तेवढ्यात मी तिला आवरायची. दोनशेपंचवीस धरून ठेवायचे ठेवायचे आणि एकदम हात सोडून द्यायचे.

नवरात्र बसलं होतं. दादानं बारीक टायर पाहिले आणि म्हणाला, ‘‘हिनं पण उपास धरला का?’’ मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून तात्यांना ओढत हौदापाशी नेलं. ‘‘तात्या, पाण्यावर चापट मारा.’’

‘‘येड लागलं का?’’

‘‘मारा हो!’’

त्यांनी मारली. मग मी सांगितल्यावर कडेनं मारली. मी तडातडा बोलत सुटले, चिखल, पाणी, डांबर, सगळं एका दमात. ते ओला हात धोतराला पुसत ऐकत होते. ‘‘म्हंजी मी सांगितलं ते ट्रॅक्टरला बरोबर,’’ म्हणाले.

‘‘एकदम बरोबर. ट्रॅक्टरला.’’

‘‘बघू,’’ म्हणाले आणि गेले. गिऱ्हाईकाला दसऱ्याचं बोलावणं तर आधीच गेलेलं होतं.

ह्या ‘बघू’नं माझा जीव टांगणीला लावला. दोन-चार दिवस गेले असतील. परतीचा पाऊस धो धो लागला होता. तात्या छत्री घेऊन गाडीपाशी येऊन उभे राहिले. ‘‘आत्याला बघून यायचं हाय. एसटीला गर्दी असंल.’’ एसटीला कसली गर्दी! मी दार उघडलं.

वाकून, कण्हत ते आत बसले. चपला पायात, उजवा पाय दाबलेला. वाडीवऱ्हे मागं पडलं. स्टिअरिंगवर माझे हात जराही हलत नव्हते. तो खोलगट भाग आला. पाणी तसंच, उलट जास्तच. मी जरा वेग कमी केला, पण मुद्दाम फार नाही. चाकं शिरली, दोन्ही बाजूंनी पाणी उडालं, आणि स्टिअरिंगचं वजन माझ्या हातात जसंच्या तसं राहिलं. आम्ही सरळ पलीकडे निघालो.

पुढच्या वळणावर मागची बाजू किंचित सरकली. मी सावरली.

‘‘आत्ता मागचं सरकलं ना?’’ तात्या म्हणाले.

‘‘सरकलं.’’

‘‘मला कळलं.’’

‘‘मलापण कळलं. सांगून सरकते ती आता.’’

त्यांनी हुंकार दिला. घोटी मागं पडली. गिअर बदलायला हात नेला तर मध्ये काहीतरी आडवं येत होतं. बघते तर तात्यांचा गुडघा. त्या वीतभर सीटवर, टपाला डोकं टेकलेलं असताना, हा माणूस मांडी घालून बसला होता. चपला खाली पायपुसणीवर शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.

‘‘तात्या, गुडघा,’’ मी म्हटलं.

‘‘हां, हां.’’ त्यांनी गुडघा थोडा आवरला. मला भडभडून आलं. पण रस्ता ओला होता, डोळे पुसायला हात सोडता येईना, म्हणून तसंच वाहू दिलं.

आत्याला बघून घरी आलो तेव्हा पाऊस उघडला होता. तात्या उतरले आणि अनवाणी, चिखल तुडवत थेट झेंडूच्या रानाकडे गेले. तोडणी ऐन भरात होती. गाडीबद्दल एक शब्द नाही. चपला गाडीतच राहिल्या. मी त्यांना हात लावला नाही. विसरले होते की काय, काय माहीत! दुसऱ्या दिवशीही ते अनवाणीच. आईनं विचारलं, ‘‘चपला कुठं टाकल्या?’’ ‘‘हायेत,’’ म्हणाले. गिऱ्हाईकाला नको म्हणून सांगा असं मी त्यांना म्हणू शकले असते. पण म्हटलं नाही. त्यांच्या तोंडून यायला हवं होतं, नाहीतर कशाला काय अर्थ?

दसऱ्याला ओट्यावर झेंडूचे ढीग. आईनं ट्रॅक्टरला हार घातला, टेम्पोला घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. हळदीच्या रंगाची गाडी कडेला तशीच उघडी उभी होती. ती आता आपली नाही, म्हणून आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गिऱ्हाईक आलं. सिडकोतला एक हौशी तरुण. त्यानं बॉनेट उघडलं, टायरला लाथ मारून बघितली, हे फार बारीक आहेत, बदलावे लागतील म्हणाला. मी दात आवळून उभी होते. मग त्यानं डावीकडचं दार उघडलं आणि आत वाकला.

‘‘काका, ह्या चपला कोणाच्या?’’

तात्या ओट्यावरून अनवाणी उतरले. ढिगातला एक हार त्यांनी उचलला आणि सावकाश गाडीच्या बॉनेटवर घातला.

‘‘माझ्या हायेत,’’ म्हणाले. ‘‘राहू द्या तिथंच.’’