दंगलीला दंगल म्हणणाऱ्या आक्का

आक्का चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काय झालं ते सांगा. त्याला काय म्हणायचं ते मागनं बघू."

समोरचा माणूस बहुतेक वेळा गडबडायचा. वकिलाकडे येणारा माणूस घडलेली गोष्ट घेऊन येतच नाही, तो तिचं नाव घेऊन येतो. अन्याय झाला. विश्वासघात झाला. एकदा खासबागचे एक निवृत्त मास्तर "शेजाऱ्यानं आमच्या जागेवर आक्रमण केलंय" म्हणत आले. आक्कांनी अर्धा तास खोदून विचारलं, तेव्हा कळलं की शेजाऱ्याच्या बोगनवेलीची फांदी मास्तरांच्या भिंतीवरून आत आली होती.

"मग कात्री घ्या की मास्तर," आक्का म्हणाल्या. "वकील कशाला लागतोय?"

आक्कांचं घर अनगोळात. बाहेरच्या खोलीत ऑफिस. अंगाने लहानखुऱ्या, काळ्या कोटाच्या बाह्या कायम बोटांपर्यंत आलेल्या. बेळगावच्या कोर्टात तुमचं कधी काम पडलं असेल तर तुम्ही त्यांना पाहिलं असणार. जिन्यात उभ्या उभ्या एका पक्षकाराशी मराठीत, दुसऱ्याशी कानडीत बोलणाऱ्या त्याच. शिपायापासून सरकारी वकिलापर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणत. मी खानापूर तालुक्यातल्या भातशेतीवाल्या घरातला. वकिलीची पदवी घेऊन शहरात आलो आणि त्यांच्या हाताखाली लागलो. पुढची गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली.

शहरात पाट्यांवर मराठी की कानडी यावरून तेव्हा वातावरण तापलं होतं. आपल्याकडे हे अधूनमधून तापतंच, तुम्हाला सांगायला नको. एका सरकारी कचेरीवर मोर्चा गेला. पुढे आप्पा होते. आप्पा म्हणजे आमच्याकडचे पुढारी, उंच, भरदार आवाजाचे, पांढऱ्या कपड्यातले. निवेदन देऊन परत फिरायचं ठरलं होतं. पण फाटकाशी ढकलाढकली झाली, कुणीतरी काच फोडली, मग लोक आत घुसले. कचेरीच्या साहेबांना शेजारच्या खोलीत कोंडलं. बाहेर एक जीप पेटली. दगडफेकीत मल्लप्पा नावाच्या पहाऱ्यावरच्या हवालदाराच्या डोळ्याला दगड लागला आणि तो डोळा कायमचा गेला.

आणि आप्पा साहेबांच्या खुर्चीवर जाऊन बसले. समोर पोरांनी मोबाईल धरलेले. आप्पांनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "आजपासनं हितलं सरकार आम्ही! आता आमचा कारभार सुरू!"

सुरुवातीला पोलिसांनी अशा प्रसंगी लागतात ती कलमं लावली, माणसं जामिनावर सुटलीही. मग ती चित्रफीत गावभर फिरली आणि एक कलम वाढलं. कट करून, बळाच्या जोरावर सरकार उलथवण्याचा प्रयत्न. शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

तेव्हा ही मंडळी आक्कांकडे आली. आप्पा खुर्चीत, बाकीचे भिंतीला टेकून. त्यात पिरनवाडीचा मारुती होता. लेथवर काम करणारा, तिशीतला, लग्न झालेला. त्याची बायको शोभा दारातच उभी होती.

"काय झालं ते सांगा," आक्का म्हणाल्या.

"काय न्हाय आक्का. शांततेत आंदोलन केलं," आप्पा म्हणाले. "दगड पोलिसांनीच मारून घेतल्यात."

"जीप पण त्यांनीच पेटवली?"

"व्हय, तसंच असणार."

आक्कांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "आप्पा, तुमचं वकीलपत्र मी घेते. तुम्ही बंड केलंय असं मला दिसत नाही, आणि ते मी कोर्टात सांगीन. पण तिथं काही घडलंच न्हाय असं माझ्या तोंडातनं वदवून घ्यायचं असेल तर दुसरा वकील बघा. हवालदाराचा डोळा गेलाय."

मग मारुती म्हणाला, "आक्का, मी मारलता दगड. माझाच लागला का कुणाचा, ते म्हाईत न्हाय. पण मारलता."

आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानंच सरकार उलथवलं होतं.

"हे कोर्टात कबूल करायचं का नाही ते तू ठरव," आक्का म्हणाल्या. "केलंस तर शिक्षा होईल, नोकरी जाईल. नाही केलंस तर त्यांना सिद्ध करावं लागेल, आणि तो तुझा हक्क आहे. काहीही ठरवलंस तरी मी तुझी वकील. घाई करू नको."

मारुतीनं दाराकडे पाहिलं. शोभा त्याच्याकडे न बघता आक्कांना म्हणाली, "ह्यांना रात्रीची झोप न्हाय, आक्का. कबूल केल्यावर तरी लागंल का?"

"ते मला सांगता यायचं नाही बाळ," आक्का म्हणाल्या. एखादी गोष्ट ठाऊक नसली तर तसं त्या सरळ सांगून टाकायच्या.

मारुतीनं कबूल केलं. फक्त आपल्यापुरतं, दुसऱ्या कुणाचं नाव न घेता.

खटला उभा राहिला तशी गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, हे बंडच, यांना सोडलं तर उद्या राज्यच राहणार नाही. दुसरा म्हणायचा, कसलं काय, चार पोरांनी घोषणा दिल्या. माझ्या गावी गेलो की चावडीवर हाच विषय. कोर्टाच्या पायऱ्यांवर एका वार्ताहराने आक्कांना गाठलं आणि विचारलं, "थोडक्यात सांगा, बंड की आंदोलन?"

"दंगल," आक्का म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही प्रकरण लहान करताय."

आक्का थांबल्या. "दंगल हा शब्द तुम्हाला लहान वाटतोय? माणसाचा डोळा जातोय त्यात."

वार्ताहर निघून गेला. ते वाक्य कुठेच छापून आलं नाही. दोन्ही तटांच्या उपयोगाचं नव्हतं ते.

मल्लप्पांची साक्ष झाली त्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. डोळ्यावर काळा चष्मा लावून ते पिंजऱ्यात उभे राहिले आणि कानडीत सगळं सांगितलं. आता उलटतपासणी. आप्पांनी मागून चिठ्ठी पुढे सरकवली: 'तो बंदोबस्ताच्या वेळी दारू प्यालेला होता असं विचारा.' आक्कांनी ती वाचून माझ्याकडे दिली, मी खिशात घातली. त्या उठल्या आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "या साक्षीदाराला मला काही विचारायचं नाही. ते खरं बोलले."

आप्पांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर ते चिडून म्हणाले, "आक्का, तुम्ही आमच्याकडनं हाईसा का त्यांच्याकडनं?"

"तुमच्याकडनं आहे म्हणूनच त्यांना बोलू दिलं. त्या माणसाला खोटं पाडून तुम्ही सुटला असता असं वाटतंय? उद्या तपास अधिकाऱ्याची पाळी आहे. तिथं बघा."

दुसऱ्या दिवशी तपास अधिकारी उभे राहिले. सरकारी वकिलांनी चित्रफीत दाखवली. आप्पा खुर्चीवर, हात टेबलावर, 'आजपासनं हितलं सरकार आम्ही.' ऐकायला ते भयंकरच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आक्का कोटाच्या बाह्या मागे सारत उठल्या. त्यांचं कानडी फार स्वच्छ होतं, मी इथं मराठीत सांगतो.

"हे गृहस्थ खुर्चीवर बसले. पुढे त्यांनी कोणता हुकूम काढला?"

"हुकूम... काही नाही."

"एखाद्या कागदावर सही? शिक्का? तिजोरीच्या किल्ल्या मागितल्या?"

"नाही."

"कुणाला काहीच सांगितलं नाही?"

अधिकारी प्रामाणिक होते. जरा घुटमळून म्हणाले, "शिपायाला चहा आणायला सांगितलं."

"शिपायानं आणला?"

"नाही. तो म्हणाला, साहेबांच्या सहीशिवाय कँटीनवाला देत नाही."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी खाली मान घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. आक्का मात्र हसल्या नाहीत.

"मग संध्याकाळी काय झालं? तुम्ही त्यांना हुसकावून लावलं?"

"नाही. बरेचसे आपले आपण निघून गेले."

"का?"

"बस चुकेल म्हणून, असं जबाबात आलंय."

युक्तिवादात त्या जे बोलल्या ते मला आजही तोंडपाठ आहे. त्या म्हणाल्या, "राज्य घ्यायला निघालेला माणूस आधी हे ठरवतो, की उद्या सकाळी आपला हुकूम कोण ऐकणार. पोलीस ऐकणार का, कारकून ऐकणार का, लष्कर ऐकणार का. या लोकांना एका शिपायाकडून चहा मिळाला नाही आणि उद्या सकाळचा विचार त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात नव्हता. काच फोडणं हा गुन्हा आहे, त्याची शिक्षा द्या. माणसाचा डोळा फोडणं त्याहून मोठा गुन्हा आहे, त्याचीही द्या. पण राज्याची खुर्ची बळकावणं ही तिसरीच गोष्ट आहे. आज प्रत्येक दंगलीला आपण बंड म्हणायला लागलो, तर खरोखरचं बंड होईल त्या दिवशी आपल्याकडे शब्द उरणार नाही."

निकाल लागला. सरकार उलथवण्याच्या आरोपातून सगळे निर्दोष. दंगल, जाळपोळ, हवालदाराला जबर दुखापत आणि साहेबांना कोंडून ठेवणं मात्र शाबीत झालं. आप्पांनाही तुरुंगवास, मारुतीलाही. कबुली दिली म्हणून मारुतीला थोडा कमी.

कुणाला वाटेल, जन्मठेप टळली म्हणून आप्पा आक्कांच्या पाया पडले असतील. तुरुंगाच्या गाडीत चढायच्या आधी ते माझ्या देखत म्हणाले, "आक्का, लई केलंसा. पण त्या चहाचं काढायला नको होतं. हसं झालं माझं."

"आप्पा, तुम्हाला बंडखोर म्हणून आत जायचं होतं व्हय?"

आप्पा पांढरा सदरा नीट करून, मान ताठ ठेवून गाडीत चढले. त्यांना तसंच जायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. मोठा शब्द आरोप करणाऱ्यालाच आवडतो असं नाही, आरोपीलाही आवडतो.

मारुती सुटून आला तेव्हा कारखान्यानं त्याला परत घेतलं नाही. त्यानं पिरनवाडीत वेल्डिंगचं छोटं दुकान टाकलं. मल्लप्पांच्या घरी जाऊन यायची त्याची इच्छा होती. आक्का स्वतः सोबत गेल्या, दुभाषी म्हणून, आणि मीही. मल्लप्पांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. "घरी कोण कोण असतं?" एवढं त्यांनी मारुतीला विचारलं. आक्का परतताना मला म्हणाल्या, "विचारलं, हे पुष्कळ झालं."

आता तुम्ही म्हणाल, वकीलबाई आरोपीच्या बाजूनं उभ्या होत्या, त्या असंच बोलणार. म्हणून एक घरचीच गोष्ट सांगतो. त्यांच्या गल्लीतल्या देवळाची कमिटी दर काही वर्षांनी मतदानाने निवडतात. आक्कांचे सख्खे धाकटे दीर तिचे अध्यक्ष. एका निवडणुकीत ते हरले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दुसऱ्या दिवशी कमिटीच्या खोलीला नवं कुलूप दिसलं आणि फळ्यावर सूचना लागली, की मतदानात घोळ असल्यानं जुनी कमिटीच पुढे चालू राहील. पुजाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं, बँकेत पत्र आधीच गेलेलं.

आक्का आरतीच्या वेळी गेल्या. सगळ्यांच्या समोर दिराला म्हणाल्या, "भावजी, ह्याला बंड म्हणतात."

"वहिनी, काय बोलालाय? एक दगड तरी पडलाय का कुठं?"

"पडला न्हाय, म्हणूनच म्हणते. दगड मारणाऱ्याला उद्याचं काही ठाऊक नसतं. तुम्ही पुजारी, बँक, कुलूप सगळं आधी ठरवलंय."

कुलूप निघालं, नव्या कमिटीनं कारभार घेतला. पण दिराच्या मुलीच्या लग्नाला आक्कांना बोलावणं आलं नाही. त्या दिवशी त्या सकाळपासून ऑफिसात बसून होत्या, एकच अर्ज वाचत. दुपारी त्या आपणहून म्हणाल्या, "त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय रं." आणि पान उलटलं.

गेल्या साली, कोर्टाच्याच एका दिवशी, आक्का गेल्या. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या फाटकात होतो. त्या दिवशी त्यांच्या नावावर एक प्रकरण लागलेलं होतं, भाजी विकणाऱ्या एका बाईचं. ती बाहेरच्या बाकावर पिशवी शेजारी ठेवून बसली होती. पुकारा झाला. तिनं जिन्याकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाली, "येतील. आक्का येतातच."

मी तिच्याजवळ गेलो आणि सांगितलं. दुसऱ्यांदा पुकारा झाला तशी तिनं डोळे पुसले, शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्यासाठी जागा केली.