नुसता फ्लॅश

दत्ताभाऊ काळ्या कापडी पिशवीत कोपरापर्यंत हात घालून बसले की गिऱ्हाईक दचकायचं. आत ते लांबलचक फिल्मचा तुकडा कापून, नुसत्या बोटांच्या अंदाजाने, रिकाम्या रोलच्या डबीत भरत असत. डबीच्या तोंडाला मखमलीची पट्टी असते, उजेड आत जाऊ नये म्हणून. ती ते आधी फुंकून साफ करायचे नि म्हणायचे, "हितं एक कण बसला ना गो, तर अख्ख्या वऱ्हाडाच्या तोंडावर रेघ!"

रोह्याच्या त्यांच्या स्टुडिओत लग्नाआधी मी दोन वर्षं कामाला होते. फोटोंवरचे पांढरे ठिपके ब्रशने बुजवायचे, अल्बम चिकटवायचे. एका डबीत छत्तीस फोटो, आणि लग्नात हौशी माणसं शंभर. मग भाऊ फोटो न काढता फ्लॅशचं तेवढं बटण दाबत. लख्ख उजेड पडे, माणूस खूश. "हलू नका," असं मात्र तेव्हाही अगदी गंभीरपणे सांगत. दुकानात परतल्यावर त्यांनी नकला केल्या की मी पोट धरून हसायचे.

माझं लग्न कोलाडजवळ आमच्या गावी झालं. फोटोला अर्थात भाऊच. आई नव्हती, म्हणून कन्यादानाला काका-काकू बसले आणि बाबा दिवसभर मांडवामागे चुलीपाशी. रोह्याच्या दुकानात ते कधी आलेच नव्हते. निघताना मला हळूच म्हणाले, "माजा पन फोटो काडलाय हां. नवी टोपी घालून."

महिन्याभरात बाबा गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. दिवसकार्य झाल्यावर मी पेणला सासरी न जाता आधी रोहा गाठलं. भाऊंनी निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडासमोर धरल्या. पुन्हा धरल्या.

"चुलीपाशी टोपीवाला... तो तुझा बापूस व्हता?" त्यांनी पट्ट्या खाली ठेवल्या. "मला आचारी वाटला गो. पाठवणीसाठी दोनच फोटो उरलेले. मी नुसता..."

शिव्या तोंडात आल्या होत्या, पण त्या फ्लॅशला मीच दोन वर्षं हसले होते.

नंतर भाऊंनी नुसता फ्लॅश कधीच उडवला नाही. खिशात भरलेल्या दोन डब्या जास्तीच्या असायच्या, आचाऱ्यापासून वाजंत्र्यापर्यंत सगळ्यांसाठी. आता तेही नाहीत. दुकानात त्या दिवशी मी त्यांना एवढंच विचारलं होतं, "बाबांनाही हलू नका म्हणालात?"

"म्हणालो," भाऊ म्हणाले. "अजिबात हलला नाय गो."