खतातली बटणं

गच्चीवरच्या बागेसाठी मला खताचं विरजण हवं होतं. दुकानातून पावडर आणणारच होतो, तेवढ्यात शेजारच्या माई म्हणाल्या, "विकत कशाला आणता? माझ्या ड्रममधलं तयार खत मूठभर घाला. पुढचं ते आपोआप करतं."

त्यांनी दिलेल्या मूठभर काळ्याभोर खतात चार पांढरी बटणं होती.

"यांचा सदरा," माई सहज बोलल्या. "हे गेल्यावर कुणाला द्यायला मन होईना, म्हणून ड्रममध्ये टाकला. सुती होता. दिवाळीपर्यंत धागासुद्धा उरला नाही."

बटणं त्यांच्या हातात ठेवून मी खत घरी आणलं आणि माझ्या ड्रममधल्या ओल्या कचऱ्यावर पसरलं. पाचव्या दिवशी ड्रममध्ये हात घातला, तर आत ताप चढलेल्या अंगासारखी धग. भाज्यांची देठं, केळीची सालं, देवावरची फुलं, काहीच ओळखू येईना. कसला आवाज नाही, घाई नाही. कुणी काय जिवापाड जपलं होतं, याची त्या खताला चौकशीही नाही.

हात बाहेर काढला. बाहीला काळा कण चिकटला होता. झटकला, तरी निघेना.

माझाही सदरा सुतीच होता.