गैरहजर तो राजी

वित्स्केच्या वडिलांनी आयुष्यभर वासरं विकली ती हातावर टाळी देऊन. टाळी पडली की सौदा पक्का, कागद मागाहून. फ्रीसलंड प्रांतातल्या त्या गोठ्यात वाढलेल्या मुलीला दिलेला शब्द म्हणजे झालेलं काम वाटायचं, आणि ग्रोनिंगन शहरात शिकायला येऊन तीन वर्षं झाली तरी ही समजूत काही झिजली नव्हती. हे तिचं भलेपण की भाबडेपण, ते ज्याचं त्याने ठरवावं. बाकी पोरगी कामाला वाघ. घरातलं तुंबलेलं मोरीचं भोक तीच उपसायची आणि सहा जणांचा बटाट्याचा लगदा तीच घोटायची.

ही सहा जणं एका अरुंद, तीन मजली घरात राहत. खोली रिकामी झाली की नवा भिडू घरमालक निवडत नसे, राहणारेच निवडत. आठ-दहा उमेदवारांना एका संध्याकाळी बोलवायचं, चहा द्यायचा, हसतखेळत उलटतपासणी करायची आणि मग मतं घ्यायची. या घराचा नियम कडक होता. निवड उरलेल्या पाचांच्या एकमतानेच व्हायची, सोडून जाणाऱ्याला मत नसे, आणि एक जण जरी अडला तरी खोली कुणालाच नाही. फक्त गैरहजर असेल तो राजी धरायचा, आणि त्याला वेगळं काही म्हणायचं असेल तर त्याने आधी घराच्या वहीत लिहून ठेवायचं.

वित्स्केची धाकटी बहीण येल्मा गेले सात महिने खोली शोधत होती. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, बस, आगगाडी, पुन्हा बस, आणि तेवढंच परत. एकदा बस चुकली, त्यात प्रयोगशाळेची परीक्षा बुडाली. अकरा घरांनी तिला चहा पाजून “सूर जुळले नाहीत” असं गोड कळवलं होतं. मार्चअखेर खोली मिळाली नाही तर शिक्षण सोडून घरी यायचं, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. आणि नेमकी वित्स्केच्या घरातली माळ्यावरची खोली रिकामी होत होती.

“ही खोली तुझी,” वित्स्के तिला म्हणाली होती. “मी अडून बसेन. माझा शब्द.”

निवडीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली होती, मंगळवार. त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी माल्टाला जायचं रुलीनने काढलं. रुलीन शेजारच्या खोलीत राहायची. दोन वर्षं दोघींचं एकाच ताटात चाललेलं. विमानाचं तिकीट इतकं स्वस्त की घरी बसणं महाग पडावं.

“मंगळवारीच आहे ना नक्की?” वित्स्केने विचारलं. एरवी कधी न विचारणारी, पण बहिणीचा प्रश्न होता.

“भिंतीवर लिहिलंय ना बाई!” रुलीन म्हणाली.

बॅगेचे पैसे पडू नयेत म्हणून दोघींनी अंगावर तीन-तीन स्वेटर चढवले, खिशांत मोजे कोंबले आणि चीज लावलेल्या पावाचे बारा तुकडे घेऊन त्या विमानात बसल्या. विमान उतरलं तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं. शनिवारी त्यांनी ते घरचे वाळके तुकडे खडकावर बसून खाल्ले, मग लाज वाटून दुकानातल्या गरम पास्टिझी, म्हणजे चीज भरलेल्या खारी, खाल्ल्या, बोटांना लागलेलं तूप चाटलं. पाणी बर्फासारखं होतं तरी उत्तरेच्या पोरी म्हणून हट्टाने पोहल्या. रुलीनने वित्स्केचा ओल्या केसांचा, खिदळणारा फोटो काढून घराच्या ग्रुपवर टाकला. इतकं सुख वित्स्केला फार दिवसांत झालं नव्हतं.

रविवारी सकाळी त्या बसची वाट पाहत होत्या, तेव्हा येल्माचा फोन आला.

“मजा चाललीय ना?”

“तुला कोण म्हणालं?”

“काल तुमच्याकडे आले होते की. सकाळीच निरोप आला, संध्याकाळी सातला ये म्हणून; मला वाटलं तू असशीलच. तुझा फोटो दाखवला त्यांनी. म्हणाले, बघ, बहीण कशी डुंबतेय.”

“काल? अगं, मंगळवारी आहे!”

“खोली कुठल्यातरी मुलाला दिली, वित्स्के. एकमताने. मी दोनदा विचारलं, सगळ्यांचं? तर म्हणाले, हो, पाचही. तुला अवघडल्यासारखं होत होतं तर आधी सांगायचंस. मी आलेच नसते.” आणि फोन बंद झाला.

वित्स्के बाकावर बसली आणि पुन्हा फोन लावला; तो उचलला गेला नाही. रुलीन पाण्याची बाटली घेऊन आली. “काय झालं गं? कोण गेलं?”

“काल निवड उरकून घेतली त्यांनी. आपण नसताना.”

रुलीनने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “जाऊ दे. लेनर्ट वाईट नाहीये, तुला आवडेल तो. येल्माला मिळेल कुठेतरी दुसरी.”

वित्स्केने मान वर केली. लेनर्ट हे नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

तिने त्यूनिसला फोन लावला. त्यूनिस घरातला सर्वांत जुना, कायद्याचा विद्यार्थी, नियमाच्या बाहेर शिंकसुद्धा न देणारा.

“वहीतलं मत राहणाऱ्याने मागितलं तर वाचून दाखवायचं, असा नियम आहे ना?”

“आहे.”

“मग वाच. रुलीनचं.”

पानं उलटल्याचा आवाज आला. “सात मार्च. ‘माझं मत लेनर्टला. वित्स्के हजर असली तर बहिणीशिवाय कुणाला हो म्हणणार नाही, म्हणून तिला मी त्या शनिवारी बाहेर नेते. तारीख बदलल्याचं भिंतीवर लिहू नका.’ खाली सही.” त्यूनिस घुटमळला. “मला वाटलं, बहिणीला तोंडावर नाही म्हणायला नको म्हणून तुमचं दोघींचं ठरलं असेल. तू गैरहजर, म्हणून राजी धरलं.”

तिकिटं आठ मार्चला काढली होती. परक्याने लाथ मारली असती तर तिने ती परत केली असती. हा तर केसाने गळा कापला होता, आणि तोही समुद्र दाखवून.

“का?” तिने विचारलं.

रुलीन रडायला लागली. “ती आली की तुम्ही दोघी तुमच्या त्या फ्रिजियन भाषेत सुरू होता. स्वयंपाकघरात मी भिंतीसारखी उभी. एक शब्द कळत नाही मला! कायमची आली असती तर तू माझी राहिली असतीस का?”

“मग मला तोंडावर म्हणायचंस!”

“तोंडावर म्हटलं असतं तर तू तिलाच निवडलं असतंस.”

“हो,” वित्स्के म्हणाली. “आणि तुझ्याशी भांडून परत तुझ्याच बरोबर जेवले असते.”

बस आली. रुलीन चढली, दारात थांबून मागे बघत राहिली. वित्स्के बाकावरून हलली नाही. बस गेल्यावर तिने येल्माला फोन केला. तिसऱ्या वेळी उचलला गेला. तिने सगळं सांगितलं, वहीतलं पानसुद्धा शब्दन्‌शब्द.

“खरं सांगतेयस?”

“तुझी शपथ. आणि ऐक, मी माझी खोली सोडते. या महिनाअखेर. तू तिथे ये, मी घरून जा-ये करेन.”

येल्मा हसली, पण ते हसणं ऐकवेना. “वेडी आहेस. तू खोली सोडलीस की ती कुणाला द्यायची, हे तेच ठरवणार. आणि तेव्हा तर तू त्या घरात कुणीच नसशील.”